तीच गाडी, की दुसरी? गंजलेल्या फियाटच्या निमित्ताने

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मोटारगाडीवर बोलायला का उभं केलं, असं काहींच्या मनात आलं असेल. व्याख्यान संपेपर्यंत त्याचं उत्तर मिळेल अशी आम्हालाही आशा आहे. (हशा)

आमच्या वडिलांची एक फियाट होती. १९६८ सालची, ११०० डिलाइट. वडील डॉक्टर; दर्यापूर भागातल्या खेड्यांत तिच्यातून रोगी पाहत फिरायचे. ते गेल्यावर गाडी गावच्या वाड्यात, गोठ्याच्या कडेला, टिनाच्या छपराखाली उभी राहिली. वीस-बावीस वर्षं तशीच. मग अकोल्याचे आमचे दादा आणि अमरावतीचे आम्ही, अशा दोन घरांनी मिळून तिला पुन्हा उभी करायचं ठरवलं. ट्रकवर घालून अमरावतीला आणली आणि अंगणात ताडपत्रीखाली ठेवली. कामाला तीन वर्षं लागली. त्यातून गंजाबद्दल थोडं कळलं आणि एक जुना प्रश्न नव्यानं समोर आला. आज दोन्हींबद्दल बोलू.

आधी गाडीची ओळख. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं या गाड्या बनत. १९६४ मध्ये डिलाइट आली. तीच पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावानं विकली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही सर्वांनी ती पाहिली आहे. त्या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. आजच्या विषयाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची: जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी लोखंडी चौकट असते, तशी हिला नाही. हिचा पत्राच हिचा सांगाडा. फ्लोअर, दरवाज्याखालच्या पोकळ पेट्या, छताचे खांब, सगळं मिळून वजन पेलतं. म्हणून हिचा पत्रा गंजला तर ते नुसतं दिसायला वाईट नसतं, गाडीची हाडंच झिजलेली असतात.

आता गंज. लोखंड निसर्गात बहुतेक ऑक्सिजनशी जोडलेलं, खनिजाच्या रूपात सापडतं. भट्टीत खूप उष्णता खर्चून आपण त्याला त्यातून सोडवतो. ते परत जायला टपलेलंच असतं. त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. पत्र्यावर पाण्याचा थर बसला की एका जागी लोखंड विरघळू लागतं आणि आपले इलेक्ट्रॉन सोडतं. शेजारच्या जागी ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात. म्हणजे पत्र्यावरच एक छोटी बॅटरी सुरू होते. त्या पाण्यात मीठ असेल तर वीज जास्त सहज वाहते आणि काम भराभर होतं. ॲल्युमिनियमचा गंज पृष्ठभागाला घट्ट चिकटून आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाला आधी फोड येतो, आणि फोड दिसेपर्यंत आतलं काम बरंच झालेलं असतं.

आपल्याला वाटतं, वऱ्हाडात कोरडी हवा, समुद्र लांब. इथे गाडी कशाला गंजेल? आम्हालाही तसंच वाटायचं. पण अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. वडिलांच्या वेळी दर रविवारी गाडी धुतली जायची, ती त्याच पाण्यानं. प्रेमानंच धुवायचे. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती चाकांवरच्या मडगार्डच्या आत थापली जाते आणि वरून वाळली तरी आत ओल धरून ठेवते. दरवाज्याखालच्या पेट्यांना पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती या मातीनं बुजली. शेवटी गोठ्याची ओल आणि गोमूत्राचे क्षार. समुद्र नव्हता, पण खाऱ्या पाण्याची सोय आम्हीच करून ठेवली होती.

गाडी आणली तेव्हा वरून बरी दिसत होती. मिस्त्री आले. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि दरवाज्याच्या खालच्या अंगाला लावला. तो खाली पडला. म्हणजे तिथे पत्रा नव्हता, कधीकाळी भरलेली पुटिंग होती आणि तिच्यावर रंग. मग पेचकसाच्या मुठीनं फ्लोअर ठोकत गेले. जिथे खणखणीत आवाज आला ते ठीक. जिथे बद्द आवाज आला तिथे टोक दाबलं की आरपार. मिस्त्री म्हणाले, "सर, वरून चांगली दिसते, पण अंदर काहीच नाही राह्यलं बाप्पा."

घरी हे काम करायची ज्यांना हौस आहे त्यांनी गंजाचे तीन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिला वरवरचा: तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं निघतो. दुसरा खड्डे पडलेला: घासून झाल्यावर त्यावर फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण लावतात. उरलेल्या गंजाचं लोह फॉस्फेट होतं आणि त्यावर रंग धरतो. हातमोजे आणि चष्मा लागतोच. तिसरा आरपार गेलेला: त्यावर औषध नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. तिसऱ्या प्रकाराला पहिल्याचा उपचार करणं, म्हणजे भोकावर पुटिंग भरून रंग मारणं, हीच जुन्या गाड्यांच्या धंद्यातली मोठी लबाडी.

बिजागऱ्या, ब्रॅकेट असे छोटे भाग आम्ही अंगणात बादलीत साफ केले. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार एका साध्या लोखंडी पट्टीला. काही तासांत गंज सुटतो. हे उघड्यावरच करायचं, कारण त्यातून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी पडली तर तो पेटतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची वापरायची नाही. तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्याजवळ वेल्डिंग कधीही नाही. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

आणखी एक, जे आम्हाला पुस्तकातून कळलं नसतं. दरवाज्याखालची पेटी कापण्याआधी मिस्त्रींनी दरवाज्यांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्ड करून घेतले. पत्राच सांगाडा आहे, म्हणून आधार न देता कापलं तर गाडी मधोमध खचते, आणि नवा पत्रा लावल्यावर दरवाजे बसत नाहीत. खिळलेलं इंजिन सोडवायलाही घाई चालत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, चार-आठ दिवस मुरू द्यायचं, मग हातानं थोडं थोडं फिरवून पाहायचं. आणि इंजिन सुरू करायच्या आधी ब्रेक. इतक्या वर्षांत चाकातल्या ब्रेकची रबरं कडक झालेली असतात. जी गाडी थांबणार नाही ती चालू करण्यात अर्थ नाही.

आता तो प्रश्न.

सगळं उघडल्यावर हिशेब केला. फ्लोअरचा पुढचा भाग, दोन्ही बाजूंच्या पेट्या, दोन मडगार्डांची खालची अंगं आणि चारही दरवाज्यांचे तळ, इतकं कापावं लागणार होतं. तेव्हा एका परिचितानं तोडगा सुचवला. याच जातीची, चांगल्या पत्र्याची एक गाडी त्याच्या पाहण्यात होती. ती घ्यायची, आपल्या गाडीवरचा चॅसी नंबरचा तुकडा कापून तिला लावायचा. स्वस्तात काम, कागदोपत्री वडिलांचीच गाडी. दादांना ते पटलं. दादा ऐंशीच्या घरात. त्यांना त्या गाडीत बसून अकोला ते अमरावती एकदा यायचं होतं आणि वेळ थोडा होता. आमच्या घरात दोन पक्ष पडले. महिनाभर फोनवर धड बोलणं नव्हतं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा प्रश्न तीस वर्षं शिकवला. प्लुटार्कनं लिहिलंय, अथेन्सच्या लोकांनी थीसिअसचं जहाज जपून ठेवलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. मग ते तेच जहाज का? सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? आपल्याकडे मिलिंदपन्हात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ कोणता? दांडी रथ आहे का, आस आहे का, चाकं आहेत का? यांपैकी काहीच रथ नाही. या सगळ्यांच्या आधारानं 'रथ' हे नाव चालतं, एवढंच. न्याय-वैशेषिक याला मान्यता देत नाहीत. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी आहे. पण म्हणूनच ते जास्त कडकही आहेत. एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. त्या हिशेबानं वडिलांनी पहिल्यांदा टायर बदललं तेव्हाच आमची गाडी दुसरी झाली! (हशा)

वर्गात हे सगळं छान चालतं. अंगणात मिस्त्री ग्राइंडर घेऊन उभे होते. त्यांना आम्ही तो तोडगा सांगितला. ते म्हणाले, "नंबर कापून दुसऱ्या गाडीले लावाचा? मी नाही करत तसं. मंग थे गाडी तुमची कायची?"

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. चॅसी नंबरशी खेळणं हा गुन्हा आहे. पण मिस्त्री कायद्याबद्दल बोलत नव्हते. त्यांच्या बोलण्यावरून आमच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या प्रश्नाशी झगडतोय. 'ही तीच गाडी आहे का' याला नागसेनाचं एक उत्तर, नैयायिकांचं दुसरं, आणि दोघांशी वाद घालता येतो. पण 'या गाडीबद्दल आपण खोटं बोलतोय का' याला एकच उत्तर आहे. पत्रा कापून नवा लावला आणि तसं सांगितलं, तर गाडी दुरुस्त झाली. नंबर उचलून दुसरीकडे लावला, तर एका वस्तूच्या तोंडी दुसरीचं नाव घातलं. पुटिंगची लबाडी आणि नंबरची लबाडी एकाच जातीची, फक्त आकार लहान-मोठा.

जुन्या वास्तू जपणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की गळालेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण वास्तूशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. आमची गाडी काही लेणं नव्हे, पण तत्त्व लागू पडतं. आम्ही एक वही केली. काय कापलं, कुठे कोणता पत्रा लावला, कोणता भाग मूळ, तारखेसह. फोटो चिकटवले. नव्या पत्र्यावर रेडऑक्साइड आणि रंग दिला, पेट्यांच्या आत मेणाचा थर दिला, पाणी निघायची छिद्रं मोकळी केली. फ्लोअरवरचे जोड मात्र घासून गुळगुळीत केले नाहीत. पायपुसणं उचललं की दिसतात.

दादांना ती वही नेऊन दाखवली. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि विचारलं, "मागच्या सीटखालचा पत्रा बाबांच्या वेळचाच आहे ना?" आहे म्हटलं. तिथे ते औषधांची पेटी ठेवायचे. त्यानंतर दादांनी दुसऱ्या गाडीचा विषय काढला नाही.

*श्रोत्यांपैकी एकानं विचारलं: सर, खर्च किती आला, आणि ती आता रस्त्यावर चालते का?*

खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, एवढंच सांगतो. घरचे समोर बसलेत. (हशा) रस्त्याचं म्हणाल, तर दोन वाटा असतात. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नोंद दहा वर्षांची असते. पण ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. दुसरी वाट म्हणजे साधी नोंद: तपासणी करून घेऊन ती दर पाच वर्षांनी वाढवायची. आम्ही दुसरी धरली, कारण दादांना अकोल्याहून यायचं होतं. गेल्या डिसेंबरात ते आले, मूर्तिजापूरला चहा घेऊन. चालवायला पुतण्या होता. दादा पूर्ण वाट शेजारी बसून त्याला गिअर कसा टाकायचा ते सांगत होते.

तुमच्यापैकी कोणी असं काम घेणार असाल तर सुरुवात लोहचुंबकापासून करा, आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. आणि हो, गाडी धुवायचं पाणी गोडं आहे की खारं, तेवढं पाहून घ्या.