आधी काम, मग खुर्ची

व्यावसायिक संघटनांना आपल्याकडे तोटा नाही. डॉक्टर, वकील, अभियंते, औषधविक्रेते, ग्रंथपाल, शिक्षक अशा प्रत्येकाची जिल्ह्याच्या गावी एक संघटना असते. तिची छापील घटना असते, रबरी शिक्का असतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत दर वर्षी ऐकू येणारे एक वाक्य असते : ‘नवीन मंडळी पुढे येत नाहीत.’ हे वाक्य बहुधा पंधरा वर्षे त्याच पदावर असलेल्या कार्यवाहांच्या तोंडी असते. सभासद मान डोलावतात, ‘तुम्हीच सांभाळा, साहेब’ म्हणतात आणि चहापानाने सभा संपते. पुढे कधीतरी कार्यवाह थकतात, आणि त्यांच्या पाठोपाठ संघटनाही अंथरूण धरते. कागदोपत्री ती जिवंत असते. दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. जुन्या संस्थांचे इतिहास वाचण्याचा नाद मला नोकरी सांभाळता सांभाळता लागला. त्या वाचनात एक प्रश्न सतत सोबत राहिला : बिनपगारी कामासाठी माणूस तयार होतो कसा? कंपनीत बढती असते, सरकारी खात्यात ज्येष्ठता यादी असते. संघटनेत दोन्ही नसते. तिथे काम करणाऱ्याला मोबदला नाही आणि न करणाऱ्याला जाब नाही. अशा ठिकाणी जबाबदारी पेलणारी माणसे कशी घडतात, याचे मला सापडलेले सर्वांत बोलके उदाहरण गणिताच्या क्षेत्रातले आहे, आणि त्याचा एक धागा थेट पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात येतो.

व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातले सरकारी अधिकारी. १९०७ च्या सुमारास ते गुत्ती येथे डेप्युटी कलेक्टर होते. गणित हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हता, पण तरुणपणापासून लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये ते गणिती लेखन पाठवत. तिथल्या संपादकांनी हा माणूस प्राध्यापकच असणार असे गृहीत धरले, आणि कॉलेजात न शिकवताही ‘प्रोफेसर’ ही उपाधी त्यांना चिकटली, असे सांगतात. त्यांची अडचण साधी होती. आडगावी बदली झाली की गणिताची नवी पुस्तके आणि नियतकालिके डोळ्यांना दिसत नसत. एकट्याने ती मागवणे परवडणारे नव्हते. म्हणून काही जणांनी वर्गणी जमवायची, पुस्तके-नियतकालिके घ्यायची आणि ती आपापसांत फिरवायची, अशी कल्पना त्यांनी मांडली. ४ एप्रिल १९०७ रोजी वीस सभासदांनिशी ‘अ‍ॅनॅलिटिक क्लब’ सुरू झाला. लवकरच त्याचा ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ झाला आणि १९१० मध्ये नव्या घटनेसह ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’.

आता कामाची वाटणी पाहा. संस्थापक अध्यक्ष झाले नाहीत. पहिले अध्यक्ष मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक बी. हनुमंत राव, रामस्वामी अय्यरांनी चिटणिसाचे काम पत्करले. ग्रंथालय मद्रासला न ठेवता पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात ठेवले, आणि ग्रंथपाल झाले रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर, फर्ग्युसनचे प्राचार्य. पण या संस्थेत त्यांच्याकडे आलेले काम पुस्तके सांभाळण्याचे होते. १९०९ मध्ये नियतकालिक सुरू झाले, त्याचे संपादन बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले एम. टी. नारायण अय्यंगार यांच्याकडे. म्हणजे चिटणीस एका गावी, पुस्तके दुसऱ्या गावी, संपादक तिसऱ्या गावी. त्या काळी हे सारे टपालावर चालायचे. गैरसोय होत असणारच. पण त्यामुळे कोणा एकाच्या टेबलाच्या खणात संस्था अडकून पडली नाही. प्रत्येक गावी एक माणूस स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर एक काम करत होता.

यातले पुढे कोण कुठे पोचले, हे पाहिले की धडा स्पष्ट होतो. सुरुवातीच्या वर्षांत चिटणिसाचे काम करणारे आर. रामचंद्र राव १९१७ मध्ये अध्यक्ष झाले. नारायण अय्यंगारांनी सुमारे अठरा वर्षे संपादन केले आणि त्यानंतर, १९३० मध्ये, ते अध्यक्ष झाले. खुद्द रामस्वामी अय्यर अध्यक्ष झाले ते १९२६ मध्ये, संस्था एकोणीस वर्षांची झाल्यावर. संस्थापकाने आपल्याच संस्थेत खुर्चीसाठी एकोणीस वर्षे थांबावे, हे आपल्याकडच्या कोणत्याही संघटनेच्या फलकावरची अध्यक्षांची यादी शेजारी ठेवून वाचावे. इथे खुर्ची ही कामानंतर आलेली गोष्ट होती; खुर्ची मिळाल्यावर काम शिकावे, असा उलटा प्रकार नव्हता.

पण चिटणीस, संपादक, ग्रंथपाल ही झाली मधली पायरी. सर्वांत खालची कोणती? माझ्या मते नियतकालिकातले प्रश्नोत्तरांचे सदर. एखाद्याने प्रश्न पाठवायचा, दुसऱ्याने उत्तर. वेळ थोडा लागतो, काम कधी संपले ते कळते, आणि खाली आपले नाव छापून येते. रामस्वामी अय्यरांचा स्वतःचा प्रवास लंडनच्या अशाच एका नियतकालिकातून सुरू झाला होता. जी पायरी आपण चढलो, तीच त्यांच्या संस्थेने इथल्या माणसांसाठी बांधली.

त्याच पायरीवर १९११ मध्ये एक तरुण उभा राहिला. एफ.ए.ची परीक्षा त्यांना ओलांडता आली नव्हती, नोकरी नव्हती. वर्गमुळाच्या आत वर्गमूळ, त्याच्या आत पुन्हा वर्गमूळ, असे अनंतापर्यंत जाणाऱ्या एका राशीची किंमत काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. सहा महिने कोणाचेही उत्तर आले नाही; अखेर त्यांनीच ते दिले. उत्तर होते ३. हे श्रीनिवास रामानुजन. त्याच वर्षी बर्नोलीच्या संख्यांवरचा त्यांचा पहिला शोधनिबंध याच नियतकालिकात आला. त्यांची मांडणी इतकी त्रोटक आणि अपरिचित होती की सामान्य वाचकाला ती झेपेना; संपादकांनी हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवून ते दुरुस्त करवून घेतले. यात संपादकाचा किती वेळ गेला असेल याची कल्पना करा, आणि तो बिनपगारी होता हेही लक्षात ठेवा.

रामानुजनांची गोष्ट आपण एका प्रतिभावंताची म्हणून सांगतो. मी ती एका संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची म्हणून वाचतो. १९१० मध्ये रामानुजन कारकुनीची नोकरी मागायला तिरुकोइलूरला गेले ते रामस्वामी अय्यरांकडे, म्हणजे संस्थापकाकडे. त्यांनी वह्या पाहिल्या आणि आपल्या खात्यात चिकटवण्याऐवजी मद्रासच्या गणिती मित्रांकडे पाठवले. तिथून वाट गेली नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत. हेच ते सोसायटीचे चिटणीस. त्यांनी काही काळ महिना २५ रुपये स्वतः दिले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली. तिथले वरिष्ठ एस. नारायण अय्यर हे सोसायटीचे कोषाध्यक्ष. १९१३ च्या जानेवारीत हार्डींना पत्र गेले, तोवर या तरुणाला सांभाळणारे हात बरेचसे याच संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे होते.

यातल्या कोणालाही नेतृत्वाचे प्रशिक्षण मिळाले नव्हते. आपले काम नेमके कोणते हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या कामामुळे ते एकमेकांना ओळखत होते. नवा माणूस दारात आला तेव्हा त्याला कोणाकडे पाठवायचे, हे प्रत्येकाला माहीत होते. संघटनेतला पुढारी म्हणजे दुसरे काय? आलेल्या माणसाला योग्य पायरीवर उभे करणारा.

या चित्राला काळी बाजूही आहे. ही शिडी इंग्रजी शिकलेल्या आणि बहुतांशी कॉलेजात किंवा सरकारी हुद्द्यावर असलेल्या पुरुषांच्या वर्तुळात उभी होती. त्या वर्तुळाशी ओळख नसलेल्या किती जणांच्या वह्या घरातच राहिल्या असतील, याची नोंद कोणी ठेवत नाही. संस्थेची पहिली परिषद भरायलाही १९१६ उजाडावे लागले. तोवर अनेक सभासदांनी एकमेकांचे अक्षर पाहिले असेल, चेहरा नाही. म्हणून हे उदाहरण जसेच्या तसे उचलायचे नाही. त्याची बांधणी तेवढी पाहायची.

ती बांधणी अशी. सर्वांत खालची पायरी इतकी लहान हवी की एका संध्याकाळी चढता यावी, आणि तिथे पदवी किंवा ओळख विचारली जाऊ नये : एक टिपण, एका व्याख्यानाचे वृत्त, नव्या सभासदांना दूरध्वनी. दुसरे, प्रत्येक कामाला एक नाव असावे; ‘सर्वांनी मिळून करू’ म्हटलेले काम कोणीच करत नाही. तिसरे, केलेले काम कोणीतरी वाचावे, चुका दाखवून परत करावे. नुसती शाबासकी देणाऱ्या संघटनेत कोणी तयार होत नाही. चौथे आणि सर्वांत अवघड : ज्येष्ठांनी खुर्ची सोडावी, पण काम सोडू नये. रामस्वामी अय्यर चिटणीस होते म्हणून संस्थापक म्हणून लहान ठरले नाहीत.

तेव्हा पुढच्या सभेत ‘नवीन मंडळी येत नाहीत’ हे वाक्य ऐकू आले, तर कार्यवाहांना नम्रपणे एवढेच विचारावे : गेल्या वर्षभरात नव्या सभासदाला आपण कोणते काम, त्याच्या नावावर, संपूर्ण सोपवले? उत्तर ‘सतरंज्या उचलण्याचे’ असेल, तर मंडळी का येत नाहीत, हे सभेलाच कळेल.