नात म्हणते, कासवं मोजायला जाते



माझी भाची बरीच वर्षे मस्कतला राहते. जावई तिथे एका बांधकाम कंपनीत हिशेब पाहतात. त्यांची मुलगी तिथल्याच भारतीय शाळेत शिकली, पुढे भारतात जाऊन तिने इकॉलॉजी या विषयात एम.एस्सी. केली आणि परत आईवडिलांकडे आली. पेसाहच्या थोडे आधी भाचीचा फोन आला. "मामा, आता तूच तिला समजाव. बँकेतली नोकरी चालून आली होती, ती नको म्हणाली. म्हणते, उन्हाळाभर मसिरा बेटावर कासवं मोजायला जाते. तेही तीन महिन्यांपुरतं. एवढ्यासाठी का तिला शिकवलं?"

मी काय समजावणार? आमच्या वेळी शिक्षण संपले की माणूस रेल्वेत, गोदीत, नाहीतर सरकारी कचेरीत चिकटायचा, आणि इथे आल्यावर कारखान्यात. मी स्वतः निवृत्त होईपर्यंत यंत्रावर उभा होतो. म्हणून आधी नातीलाच फोन लावला आणि म्हटले, बाई, मला पहिलीतला विद्यार्थी समजून शिकव. आठ-दहा संध्याकाळी तिने शिकवले. जे समजले ते लिहितो, कारण हाच विषय घेऊन बसलेली नातवंडे आपल्यात आणखीही असतील.

इकॉलॉजी म्हणजे मुक्या प्राण्यांवर माया करणे, असा माझा समज होता. तसे नाही. कोण कोणावर जगतो, याचा तो हिशेब आहे. आपल्या कोकणातली वाडी आठवा. नारळाच्या शेंड्यात गेंडा भुंगा शिरतो आणि कोवळा कोंब खातो. त्याची अळी वाढते कुठे? गोठ्यामागच्या शेणाच्या उकिरड्यात. म्हणजे उकिरडा कुठे आणि किती दिवस ठेवायचा, यावर नारळाचे पीक ठरते. माझ्या आजीला हे ठाऊक होते. नात म्हणाली, "बस, हेच. फक्त आम्हाला ते आकड्यांत दाखवावं लागतं."

आता ओमानकडे येऊ. ओमान म्हटले की आपल्याला तेल, खजूर आणि ऊद आठवतो. पण कोकणच्या समोर, अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला हा देश आहे आणि त्याच्या पूर्व किनाऱ्याजवळ मसिरा हे लांबट बेट आहे. समुद्री कासवांच्या चार जाती तिथे अंडी घालतात. त्यांतली एक ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर येते तीच. पण मसिराचे नाव झाले ते लॉगरहेड या मोठ्या डोक्याच्या कासवामुळे. १९७०च्या दशकात तिथे वर्षाला तीसेक हजार माद्या येतात असा अंदाज केला होता, जगात सर्वांत जास्त. आज त्यांतल्या पाव हिश्शाएवढ्याही उरलेल्या नाहीत असे मोजणीवरून दिसते. मासेमारीच्या जाळ्यांत त्या अडकतात, किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे पिल्ले समुद्राऐवजी गावाकडे चालू लागतात. २०१५ साली या भागातल्या लॉगरहेडला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले.

मी विचारले, "कासवं रात्री येतात आणि रात्रीच जातात, तू मोजणार कशी?" उत्तर ऐकण्यासारखे आहे. माणूस पहाटे वाळूवर चालतो आणि कासवाचे नव्हे, मागांचे मोजमाप करतो. लॉगरहेड डावे-उजवे पाय आलटून पालटून टाकते, हिरवे कासव दोन्ही बाजूंचे पाय एकदम टाकते, म्हणून मागावरून जात कळते. माग नुसता वर येऊन परत गेला, की खड्डा करून अंडी घातली, तेही वाळू सांगते. मोजून झाले की काठीने त्या मागावर आडवी रेघ ओढायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच माग पुन्हा मोजला जात नाही.

हे काम तर शाळकरी मुलगाही करील, असे मला वाटले. तिथेच शिक्षण लागते. एक मादी एका मोसमात अनेकदा अंडी घालते. समजा, घरटी चार हजार मिळाली. मादी चार वेळा येते असे धरले तर माद्या हजार, पाच वेळा येते असे धरले तर आठशेच. मसिराला काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारे यंत्र बसवले, तेव्हा कळले की त्या आधी समजत होते त्याहून अधिक वेळा येतात. म्हणजे जुने मोठे आकडे फुगलेलेच होते. घरटी तेवढीच, वाळू तीच, पण हिशेबातला एक आकडा चुकला की हजारो कासवे कागदावर जन्माला येतात. जावई हिशेबनीस आहेत, त्यांना हे माझ्या आधी पटले.

दुसरी गोष्ट देवमाशांची, ती मला फार आवडली. हंपबॅक जातीचे देवमासे जगभर थंड समुद्रातून उष्ण समुद्रात ये-जा करतात. अरबी समुद्रातले तेवढे इथेच राहतात. जनुकांच्या अभ्यासावरून ते सुमारे सत्तर हजार वर्षे इतरांपासून वेगळे पडलेले आहेत. ओमानच्या किनाऱ्यालगत ते किती उरले? एका अभ्यासाचा अंदाज, फक्त ८२. एवढ्या मोठ्या समुद्रात ८२ कसे मोजले? शेपटीच्या खालची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. तिचे फोटो घेतात. मग युक्ती तळ्यातल्या माशांची: पन्नास मासे पकडून खूण केली आणि सोडले. पुन्हा पन्नास पकडले, त्यांत खुणेचे दहा निघाले, तर तळ्यात मासे साधारण अडीचशे. ओमानला खुणेच्या जागी फोटो, एवढाच फरक.

यांतल्याच एका मादीचे नाव ठेवले लुबान. अरबीत लुबान म्हणजे ऊद, आपल्या हिब्रूतला लेवोना, तोराहमधल्या केतोरेतमधला. शब्द एकाच घरातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मसिराच्या आखातात तिच्या अंगावर यंत्र लावले. महिनाभरात ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ पोचली आणि किनाऱ्याने दक्षिणेला गेली. ओमानचा देवमासा भारताकडे येतो याचा असा पुरावा पहिल्यांदाच मिळाला. ज्या वाटेने पूर्वी गलबते जात-येत, तीच ही वाट.

आता एक वाईट गोष्ट. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात हे देवमासे दोनशेहून अधिक मारले, चोरून. सरकारी कागदांत खोटे आकडे भरले. पण ताफ्यावरच्या जीवशास्त्रज्ञांच्या खऱ्या नोंदी टिकल्या आणि युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये त्या छापल्या. ८२ का उरले, याचे मोठे उत्तर त्या नोंदींत मिळाले. नातीला विचारले, या धंद्यात नवख्याने आधी काय शिकावे? ती म्हणाली, "जे दिसलं तेच लिहायचं, आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला सगळ्यांत जड जातं."

मी शेवटी मुद्द्यावर आलो. "पगार कोण देतं? कासवं तर देत नाहीत."

पगार देणारे थोडे आहेत. सरकारचे पर्यावरण प्राधिकरण २०२० पासून आहे. सुलतान काबूस विद्यापीठात १९८६ पासून शिक्षण चालू आहे, तिथे संशोधनाचे प्रकल्प येतात. २००४ साली स्थापन झालेली एन्व्हायर्नमेंट सोसायटी ऑफ ओमान ही संस्था देणग्यांवर चालते; कासवांचे, देवमाशांचे पुष्कळ काम तिचे आहे. पण नवख्याला काम मिळण्याची मोठी जागा खासगी सल्लागार कंपन्या. बंदर, रस्ता, तेलविहीर काढायची तर आधी तिथल्या पशुपक्ष्यांवर काय परिणाम होईल, याचा अहवाल लागतो. २०१९ मध्ये धोफारमध्ये ५० मेगावॅटची पवनचक्क्यांची योजना सुरू झाली. अशा पात्यांना आपटून गरुड-गिधाडे मरू शकतात, म्हणून आधी कोणीतरी उन्हात दुर्बीण घेऊन उभे राहते आणि कोणता पक्षी किती उंचीवरून गेला ते लिहिते. हिवाळ्यात मस्कतजवळच्या कचऱ्याच्या डेपोवर गरुड आणि पांढरी गिधाडे जमतात, तीही मोजतात. एम.एस्सी. झालेली मुलगी कचऱ्याच्या ढिगाशी उभी, हे भाचीला अजून सांगितलेले नाही. तिने हा अंक वाचला की कळेलच.

शिवाय ओमानमध्ये नोकरी देताना आधी ओमानी माणसाला देतात, ओमानीकरण म्हणतात त्याला, आणि ते रास्तच आहे. परदेशी मुलाला घेतात ते इतरांकडे नसलेले काही त्याला येत असेल तर. नुसत्या पदवीवर ते होत नाही. जाती अचूक ओळखणे, कॉम्प्युटरवर नकाशे करणे, संख्याशास्त्र, वाळूत गाडी चालवणे, प्रथमोपचार, बोलण्यापुरती अरबी, आणि वेळेवर नीट अहवाल लिहिणे. शेवटचे ज्याला येते त्याला पुन्हा बोलावतात, असे ती म्हणते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे अशीच जातात, तीन महिने इथे, पाच महिने तिथे. मधल्या काळात घरी.

इथे आजी-आजोबांनी एक गोष्ट जरूर विचारावी. "अनुभव मिळेल" म्हणून मुलांना फुकट राबवणारे याही क्षेत्रात आहेत. आमच्या नातीला भारतात एका ठिकाणी, नाव घेत नाही, सहा महिने विद्यावेतन मिळाले नाही आणि तिने केलेल्या नोंदींवर तिचे नावही आले नाही. तेव्हा जाण्याआधी लेखी विचारावे: जेवण-राहणे कोणाकडे? विमा आहे का? काम संपल्यावर दाखला कोण देणार? नोंदींत नाव येणार का? मसिराच्या कामात मुक्काम, जेवण, बोटीचे भाडे आणि थोडा भत्ता आहे. ते कळल्यावर माझा जीव थोडा भांड्यात पडला.

काम नीट झाले तरी फळ टिकेलच असे नाही, हेही मुलांना आधी कळलेले बरे. पांढरे ओरिक्स हरण, ज्याला आज हिब्रूत रेएम म्हणतात, रानातून संपले होते. शेवटचे १९७२ मध्ये ओमानच्या वाळवंटात मारले गेले. १९८२ मध्ये प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या कळपातून दहा हरणे परत तिथेच सोडली, आणि राखण करायला तिथल्याच हरासीस जमातीची माणसे नेमली. हरणे साडेचारशेवर गेली. १९९४ मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली. मग चोर शिकारी आले. २००७ पर्यंत ६५ उरली, सरकारने राखीव क्षेत्र नव्वद टक्के कमी केले आणि युनेस्कोने ती जागा यादीतून काढली. जगात यादीतून निघालेली ती पहिली जागा. इथे आपल्याकडे योतवाताच्या हाय-बारमध्ये सहलीला गेलेल्यांनी हेच हरण पाहिले असेल. १९९७ पासून ती अरावात मोकळी सोडली आहेत.

भाचीला समजवायला मला अखेर किहीमची आठवण कामी आली. डॉ. सालिम अली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरीला होते, रजा घेऊन बर्लिनला शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले तर पैशांअभावी ती जागाच बंद झालेली. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले, आपल्याच लोकांच्या गावांच्या मधोमध, आणि रिकाम्या वेळात सुगरण पक्ष्याची घरटी न्याहाळत बसले. त्यांनी लिहिले की नर अर्धे घरटे बांधतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते, मग तो पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे बांधायला घेतो. त्या लेखाने त्यांचे नाव झाले. पुढे संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणीही त्यांनी खर्चापुरत्या पैशांवर पत्करली. आणि त्याच गावाचे आडनाव लावणारे आपले आयझॅक किहीमकर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत वर्षानुवर्षे काम करून भारताच्या फुलपाखरांवर ग्रंथ लिहिते झाले. २००८ चा तो ग्रंथ पाहिला नसेल तर नातवंडांकडून मागवा. भाची म्हणाली, "मामा, सालिम अली एकच असतो." खरे आहे. मी गप्प बसलो.

नात मे महिन्यात गेली. वारा एवढा की वाळू दातांत येते, असे लिहिते. भाची अजून रागावलेली आहे, पण रोज सकाळी फोन लागला की पहिले विचारते, "आज किती?"

ऑगस्टअखेर काम संपेल. पुढे दोन ठिकाणी तिने अर्ज केले आहेत. एकाचा नकार आला, दुसऱ्याचे उत्तर नाही. आपल्यापैकी कोणाची मुले-नातवंडे या क्षेत्रात असतील, भारतात, इथे किंवा आखातात, तर संपादकांच्या पत्त्यावर मला कळवावे. मुलगी त्यांना स्वतः पत्र लिहीन म्हणते, मराठीतून.