गाडीत पाणी येतं कुठून?

पावसाळ्यात जुन्या गाडीतलं पायाखालचं मॅटिंग भिजलं, की पुष्कळ जण आधी पुढच्या काचेच्या कडेला सिलिकॉन फासतात. पुढच्या सरीत मॅटिंग पुन्हा ओलंच. जिथे ओल दिसते तिथूनच पाणी शिरलं, असं आपण धरून चालतो. पण पाणी पत्र्याला चिकटून, वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत हातभर लांब जाऊन टपकतं. अरुंद फटीत तर ते वरही चढतं. 0.1 मिलिमीटर अंतरावरच्या दोन स्वच्छ काचांमध्ये केशाकर्षणाने पाणी जवळजवळ 15 सेंटिमीटर चढू शकतं. पत्र्यांच्या सांध्यातलं सीलंट वाळून तडकलं, की तिथेही अशीच बारीक फट पडते.

आधी हे पाणी पावसाचंच आहे ना, ते ठरवावं. 30 अंश तापमानाच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम बाष्प असतं. 10 अंशांवर जेमतेम 9 ग्रॅम मावतं. उरलेल्याचं पाणी होऊन ते एसीच्या नळीतून गाडीखाली गळतं. दमट दिवशी एसी बराच वेळ चालूनही गाडीखाली थेंब नसेल आणि आत मॅटिंग भिजत असेल, तर नळी तुंबली आहे. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल, तर ते हीटरमधलं कूलंट.

दाराची रचना समजून घेण्यासारखी आहे. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोकळीत जातंच, तो दोष नव्हे. खालच्या भोकांतून ते बाहेर पडतं आणि डोअर पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद ते आत येऊ देत नाही. खिडकीचं किंवा स्पीकरचं काम करताना हा कागद फाटला वा नीट चिकटवला नाही, तर पाणी थेट पायापाशी येतं. वायपरखालच्या जाळीचंही तसंच. गुलमोहराची चिमुकली पानं जाळीतून आत पडून कुजतात, निचऱ्याची वाट बुजते आणि साचलेलं पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं.

तपासणीला दोन माणसं लागतात. मॅटिंग उचलून खालचा पत्रा कोरडा पुसायचा. एकाने बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने बारीक धार सोडायची, ती तळापासून वर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि कुठल्या फटीतून पाणी आलं ते कळतच नाही. एकेका जागी चार-पाच मिनिटं थांबावं. घाई इथेच नडते, कारण पाण्याला आतली वाट कापायला वेळ लागतो. दुसरी युक्ती मला फार आवडते. काचा बंद करून ब्लोअर बाहेरची हवा घेईल असा पूर्ण वेगाने सोडायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. आतल्या हवेचा दाब वाढतो आणि जिथे फट, तिथे बुडबुडे फुगतात.

जागा सापडली, तरी हाताला येईल ते सिलिकॉन लावू नये. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. मॅटिंगखालचा फोम मात्र पूर्ण सुकेपर्यंत परत बसवू नका. वरून कोरडा लागला, तरी आत तो बरेच दिवस ओल धरून ठेवतो, आणि गाडीचा तळ सडतो तो त्या ओलीने.