परतीची गाडी

'गाव तेथे एसटी' हे घोषवाक्य आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला पहिली गाडी धावली. त्यानंतर सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतील माणूस हळूहळू बाजार, कचेरी, दवाखाना आणि कॉलेज यांच्याशी जोडला गेला. परंतु माणसाला कामाइतकीच करमणुकीचीही भूक असते. नाटक, जत्रा, फुलांचे पठार यांपर्यंत एसटी आपणास कितपत नेते, आणि मुख्य म्हणजे परत कितपत आणते, हे पाहण्यासारखे आहे.

एसटीचे वेळापत्रक कामाच्या घड्याळावर बेतलेले असते. संध्याकाळी आगारातून निघालेली मुक्कामी गाडी रात्री खेड्यात थांबते. चालक-वाहक तेथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थ्यांना व दूधवाल्यांना घेऊन शहराकडे येते. ही व्यवस्था काटकसरीची आहे, कारण गाडीची एकही फेरी रिकामी जात नाही. मात्र करमणुकीची वेळ नेमकी मुक्कामी गाडी निघून गेल्यावर सुरू होते.

मग जत्रेला गाड्या कशा मिळतात? पालचा खंडोबा, पुसेगावचे सेवागिरी महाराज, म्हसवडचा सिद्धनाथ यांच्या यात्रांना एसटी जादा गाड्या सोडते. इतर मार्गांवरच्या व आगारांच्या गाड्या मागवल्या जातात, यात्रेच्या जागी तात्पुरते स्थानक उभे राहते आणि गाडी भरली की सुटते. सकाळी भरून गेलेली गाडी रिकामी परतते, संध्याकाळी नेमके उलटे घडते. तरीही गर्दी इतकी असते की हा तोटा सोसवतो. एवढी गर्दी रोज कोठून आणायची, हाच नित्याच्या फेरीपुढील प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर कासच्या रस्त्यावर सापडते. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत कासचे पठार आहे. ते साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असून, फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर एवढाच असतो. केवळ फुलांसाठी बारमाही गाडी परवडणार नाही. पण साताऱ्याहून बामणोलीला जाणारा रस्ता कासवरूनच जातो. बामणोलीकर वर्षभर गाडी जगवतात, पर्यटक हंगामात तिचे उत्पन्न वाढवतात. यावरून एक नियम काढता येईल : करमणुकीच्या जागेसाठी वेगळा मार्ग काढण्यापेक्षा गावाच्या मार्गात ती जागा गुंफावी. अर्थात हंगामात जादा गाडी हवीच, नाही तर पर्यटकांच्या गर्दीत गावकरीच उभा राहील. शिवाय पन्नास माणसांची एक गाडी गेली, तर दहा-बारा मोटारी त्या नाजूक पठारापासून दूर राहतात.

सांगलीचा प्रश्न निराळा आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे 'सीता स्वयंवर' सादर केले, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. पंढरीला वारकरी पायी जातात, पण मिरज तालुक्याच्या टोकाचा रसिक रात्री साडेनऊचे नाटक संपवून घरी कसा जाणार? मोटारसायकल असलेला जातो. मुलींचा तर प्रश्नच मिटतो. त्या येतच नाहीत. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीत निम्मे भाडे झाले, ही मोठीच सोय होय. पण सवलत तिकिटाला मिळते, वेळेला मिळत नाही.

येथे जत्रेचाच धडा उपयोगी पडेल. गाडी प्रयोगाच्या वेळेशी बांधावी, नाटकाच्या तिकिटाबरोबरच परतीची जागा राखून ठेवावी, म्हणजे प्रवासी किती हे आगाराला आधीच कळेल. किंवा चार-पाच गावांच्या मंडळांनी मिळून एसटी प्रासंगिक करारावर घ्यावी. प्रयोग दुपारी ठेवणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात एसटीचा पास आहे. तो घर ते कॉलेज एवढाच चालतो. शिक्षणाचा रस्ता त्याने खुला केला, हे त्याचे ऋण मान्यच आहे. पण ज्या मुलीने नाट्यशास्त्राचा धडा वर्गात वाचला, तिला नाटकाचा पडदा पडेपर्यंत निर्धास्तपणे बसता आले पाहिजे. त्यासाठी नवे नाट्यगृह नको; परतीची एक गाडी पुरे.