चौकट पडेल तिथे

सप्टेंबरातली सकाळ. कास पठारावर धुकं असं उतरलंय की पुढचा माणूस रेनकोटच्या रंगावरूनच ओळखायचा. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या या पठारावर आमचा टीवाय बॉटनीचा वर्ग वनखात्याच्या परवानगीनं उतरलाय. "पाय उघड्या खडकावरच ठेवा. एकही फूल तोडायचं नाही. फोटो नंतर!" मॅडम बजावतात.

पीव्हीसी पाइपची मीटरभर चौकट कुठे टाकायची, ते कॉलेजातच चिठ्ठ्या टाकून ठरलंय. पहिली जांभ्याच्या कातळालगत पडते. सेंटिमीटरच्या खुणा केलेली विणकामाची सुई मातीत घुसते आणि दोनवरच खडकाला लागते. एवढ्याशा चिखलात सीतेच्या आसवांची जांभळी गर्दी, मधूनमधून गेंदाची पांढरी डोकी.

"मातीत नायट्रोजन नावापुरता. मग ही जगतात कशावर?" मॅडम विचारतात.

उत्तर वीतभरावर आहे. भिंगाखाली दवबिंदूचं पान: लालसर केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलट अडकलंय. त्याचा एक पाय अजून हलतोय आणि शेजारचे केस त्याच्याकडे कलले आहेत. सीतेची आसवंही शिकारीच; पण त्यांचे सापळे, टाचणीच्या डोक्याहून बारीक पिशव्या, चिखलात दडलेले.

दुसऱ्या चौकटीत सुई बारा सेंटिमीटर आत जाते. इथे गवत, सोनकी, तेरडा यांची दाटी. दवबिंदू औषधालाही नाही. माती खोल झाली की उंच झाडं ऊन अडवतात, बुटक्या कीटकभक्षींना जागाच उरत नाही.

तिसरी चौकट येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवलेल्या जागेवर पडते. सुई आत शिरतच नाही.

"मॅडम, हातभर सरकवू? शेजारी बघा ना किती फुललंय!"

"सरकवलीस तर तुझी आवड मोजली जाईल, पठार नाही."

तो मुकाट्यानं खाली बसतो. शेजारची मुलगी भिजक्या तक्त्यात पेन्सिलीनं लिहिते: प्रजाती दोन, आच्छादन पाच टक्के. पहिल्या चौकटीच्या रकान्यात अकरा प्रजाती आहेत. मॅडम दोन्ही आकड्यांवर बोट ठेवतात आणि विचारतात, "आता सांगा, कुंपण हवं की पायवाट आखून द्यायला हवी?" वर्गात लगेच दोन तट पडतात.