चॉम्परचे आईबाबा

मार्चमध्ये आमची साडेतीन वर्षांची नात चार दिवस आमच्याकडे राहायला आली. तिचे आईबाबा डॅलसला एका मित्राच्या लग्नाला गेले होते. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागले आणि बाईसाहेबांचा चेहरा पडला. आजीने गाणी म्हणून पाहिली, मी घोडा होऊन पाहिलं. माझ्या गुडघ्यांना ते पुढे आठवडाभर आठवत होतं. शेवटी टीव्ही लावला. पडद्यावर चित्रांची रांग आली आणि तिने बोट ठेवलं ते नेमकं लांब मानेच्या एका डायनोसॉरच्या पिल्लावर. 'द लँड बिफोर टाइम', भाग दुसरा.

मी मनात म्हटलं, अरे देवा, हा अजून आहेच का!

या चित्रपटाशी माझं तीस वर्षांचं वैर. आपल्यापैकी ज्यांची मुलं नव्वदच्या दशकात इथे लहानाची मोठी झाली, त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

पहिला 'द लँड बिफोर टाइम' नोव्हेंबर १९८८ मध्ये थिएटरात आला. दिग्दर्शक डॉन ब्लूथ, मागे स्टीव्हन स्पीलबर्ग आणि जॉर्ज ल्यूकस, संगीत जेम्स हॉर्नरचं, शेवटी डायना रॉसचं गाणं. लिटलफूट नावाचं लांब मानेचं पिल्लू, भूकंप आणि दुष्काळ, आणि त्या 'शार्पटूथ'शी, म्हणजे मांसाहारी डायनोसॉरशी झालेल्या झुंजीत लिटलफूटची आई मरते. मग सेरा, डकी, पेट्री आणि स्पाइक या चार वेगवेगळ्या जातींच्या पिल्लांना बरोबर घेऊन तो हिरव्या 'ग्रेट व्हॅली'चा शोध घेतो. लहान मुलं घाबरतील म्हणून त्यातली सुमारे दहा मिनिटांची दृश्यं कापली होती. तरी जे उरलं ते पाहून मोठ्यांच्याही डोळ्यांत पाणी यायचं.

दुसरा भाग आला डिसेंबर १९९४ मध्ये, थिएटरात न येता थेट व्हिडिओ कॅसेटवर. त्यात ना ब्लूथ, ना स्पीलबर्ग, ना ल्यूकस. दिग्दर्शक रॉय ॲलन स्मिथ. डकीचा आवाजही वेगळा, कारण पहिल्यात तिला आवाज देणारी ज्युडिथ बार्सी ही दहा वर्षांची मुलगी चित्रपट लागण्याआधीच, जुलै १९८८ मध्ये, जगातून गेली होती. या भागात गाणी आली. आकाश स्वच्छ निळं झालं, सावल्या गेल्या, चित्रं सपाट झाली. ज्यांनी पहिला भाग डोक्यावर घेतला होता ते म्हणाले, चांगल्या गोष्टीचा पोरखेळ केला. समीक्षकांनी फारसा जीव लावला नाही. आणि पोरांनी? पोरांनी कॅसेट झिजेपर्यंत पाहिली. त्याच वर्षी डिस्नेनेही 'अल्लादिन'चा पुढचा भाग थेट कॅसेटवर आणला होता. तिकीटबारीची गरज नाही, परीक्षणाची गरज नाही. एक मूल तीच कॅसेट शंभर वेळा बघतं आणि पुढची मागतं, हे व्यापाऱ्यांना कळलं. पहिल्या चित्रपटाला पुढे एकूण तेरा शेपट्या फुटल्या. शेवटची २०१६ मध्ये.

मी अर्थातच नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूला होतो. पुण्यात असताना लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये राय आणि डी सिका बघितलेला माणूस मी. बायको दुकानातून ती कॅसेट घेऊन आली तेव्हा मी वेष्टणावरची नावं वाचली आणि म्हणालो, "पैसे फुकट."

पण आमच्या घरात ती कॅसेट का आली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्या मंडळात ही गोष्ट अनेक घरांत घडली आहे, आणि आपण ती फारशी बोलत नाही.

मी १९९२ मध्ये प्रोग्रॅमरच्या नोकरीवर न्यू जर्सीला आलो. वर्षभराने बायको आली. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. एडिसनमध्ये एका खोलीचं अपार्टमेंट, जमिनीवर गादी, बायकोचा संगणकाचा कोर्स आणि माझी नोकरी कधी जाईल याचा नेम नाही. आई म्हणाली, "त्याला राहू दे माझ्याकडे. तुमचं बस्तान बसलं की न्या." म्हणून तो नाशिकला आजी-आजोबांजवळ राहिला. सहा महिन्यांसाठी म्हणून ठेवला, ते एक वर्ष झालं. रविवारी सकाळी आम्ही शेजारच्यांच्या फोनवर फोन करायचो. तो कानाला रिसीव्हर लावून नुसता श्वास घ्यायचा. मिनिटाला पडणारे डॉलर मोजत आम्ही तो श्वास ऐकायचो.

जुलै १९९४ मध्ये माझा मेव्हणा त्याला घेऊन आला. केनेडी विमानतळावर तो आईकडे गेलाच नाही, मामाच्या पँटला धरून उभा राहिला. रात्री झोपवताना त्याने विचारलं, "आता आईकडे कधी जायचं?" बायको त्याच्या शेजारीच बसली होती. तो माझ्या आईला 'आई' म्हणत होता. घरात सगळे तिला तेच म्हणायचे, म्हणून तोही.

त्या पावसाळी शरद ऋतूत मी लायब्ररीतून पहिल्या भागाची कॅसेट आणली. स्पीलबर्गचं नाव बघून आणली. त्यात आई मरते हे मला ठाऊक नव्हतं. तो सोफ्यावरून उतरून न्हाणीघरात गेला आणि दार लावून बसला. तीन रात्री झोपला नाही. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. म्हणून डिसेंबरात तिने दुसरा भाग आणला, दुकानातल्या मुलीला "यात कुणी मरत नाही ना?" असं दोनदा विचारून.

कुणी मरत नाही. गोष्ट साधी आहे. पाचही पिल्लं मोठ्यांच्या सूचनांना कंटाळलेली. दोन अंडीचोर डकीच्या घरट्यातलं अंडं पळवतात. पिल्लं पाठलाग करतात, दरड कोसळते, आणि दरीला वेढणाऱ्या उंच भिंतीत खिंडार पडतं. त्या गोंधळात पिल्लं बाहेरच्या प्रदेशातून एक अंडं उचलून आणतात. ते फुटतं आणि आतून निघतं शार्पटूथचं पिल्लू. बाकीचे पळतात. लिटलफूट थांबतो. पिल्लू त्यालाच आपलं माणूस समजून मागे मागे फिरू लागतं. चावतं म्हणून त्याचं नाव चॉम्पर. लिटलफूट त्याला पाला खायला शिकवायला जातो, ते त्याला जमत नाही. मग खिंडारातून दोन मोठे शार्पटूथ दरीत शिरतात आणि सगळे भयभीत होतात. ते असतात चॉम्परचे आईबाप. शेवटी चॉम्पर त्यांच्याकडे जातो आणि लिटलफूट आपल्या दरीत राहतो.

आमच्या चिरंजिवांनी ही कॅसेट जानेवारीपासून जूनपर्यंत रोज पाहिली, शनिवारी दोनदा. चित्रावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. बायको भांडी घासताना त्यातली गाणी गुणगुणू लागली. मी दुसरा पर्याय म्हणून चार चांगल्या कॅसेट आणल्या, त्या वेष्टणातून निघाल्याच नाहीत. हळूहळू तो बोलू लागला, शाळेत रुळला, आणि डायनोसॉरवेडा झाला. डकी ज्या बदकचोच्यांच्या जातीतली, तसल्याच एका डायनोसॉरचा सांगाडा १८५८ मध्ये आपल्याच राज्यात, हॅडनफील्डला, सापडला होता. तिथेही आम्ही त्याला नेऊन आणलं. बायकोला तो 'आई' म्हणू लागला, नाशिकच्या आईची 'आजी' झाली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलं, आईबाप भेटतात तो शेवट बघून त्याला धीर येत असणार. चला, वाईट चित्रपटाचा उपयोग झाला.

१९९६ च्या उन्हाळ्यात आजी सहा महिन्यांसाठी आली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तो तिच्या मांडीला टेकून प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचा. ती डोळे मोठे करून ऐकायची आणि लिटलफूटला 'लांबमान्या' म्हणायची. एकदा म्हणाली, "हा तर आपला कृष्णच की! जन्म एकीकडे, वाढला दुसरीकडे." पण शेवट जवळ आला की ती उठायची. "कुकर लावायचाय," म्हणायची. रोज त्याच ठिकाणी तिला कुकर आठवायचा. मी ते पाहिलं होतं, आणि त्याचा काही विचार केला नव्हता.

तर यंदा मार्चमध्ये, रविवारी रात्री, मुलगा आणि सून विमानतळावरून थेट आमच्याकडे आले. नात सोफ्यावर झोपली होती आणि टीव्हीवर शेवटचा भाग चालू होता. तिने चार दिवसांत तो पाच वेळा पाहिला होता. मुलगा कोट न काढता उभाच राहिला. संपल्यावर मी थट्टेने म्हणालो, "तुझा लाडका सिनेमा. तूही हा शेवट बघून सुखाने झोपायचास."

तो म्हणाला, "सुखाने नाही, बाबा. मला लिटलफूटचं वाईट वाटायचं. चॉम्परला त्याचे आईबाबा मिळतात, सगळे खूश. पण लिटलफूटनेच त्याला सांभाळलेलं असतं ना? त्याच्याकडे शेवटी कुणी बघत नाही. मला वाटायचं, आज तरी कुणी बघेल."

सून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने सोफ्यावरची चादर उगाच सारखी केली आणि म्हणाला, "मी विमानात बसलो तेव्हा आजी काचेपलीकडे उभी होती. मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. मामाने हातात चॉकलेट दिलं होतं."

आजीला जाऊन आता पंधरा वर्षं झाली. वर्षभर तिने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, आमच्या फोटोकडे बोट दाखवून "हे आई, हे बाबा" असं रोज पढवलं, आणि मग एका संध्याकाळी त्याची बॅग भरून आमच्याकडे पाठवून दिला. आम्ही तिचे आभार मानले होते. तिला कसं वाटलं, हे मात्र विचारलं नव्हतं. चार वर्षांच्या मुलाने ते विचारलं होतं, सहा महिने, रोज, टीव्हीसमोर बसून. आणि मी चित्रं सपाट आहेत म्हणून कुरकुरत होतो.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी तो चित्रपट पहिल्यांदा सलग बघितला. सांगायला हरकत नाही, चित्रं सपाटच आहेत आणि गाणी अजूनही नको होतात. पण एक गोष्ट मला तीस वर्षं दिसली नव्हती. पहिल्या भागात शार्पटूथ म्हणजे नुसता काळ, त्याला घर नाही, दार नाही. दुसऱ्या भागात तो दरीत शिरतो कारण त्याचं मूल हरवलंय, आणि ते उचलून आणलंय आपल्या गोड पिल्लांनीच. अंडीचोर कोण, हा प्रश्न त्या पोरखेळात आहे. तो विचारायला ब्लूथची सावल्यांची चित्रं लागत नाहीत. मुलांना तो कळला, आम्हा जाणकारांना नाही. चॉम्पर पुढे पाचव्या भागात आणि २००७ च्या मालिकेत परत आला, म्हणजे त्याला विसरायला मुलं तयार नव्हती.

प्रत्येक मूल यात तेच बघतं असंही नाही. सोमवारी सकाळी निघण्याआधी नातीला विचारलं, "तुला सिनेमात काय आवडलं?" तिने क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, "चॉम्परला पाला आवडत नाही. त्याला कुणी रागवत नाही."

मी तिच्या ताटलीतली मेथीची भाजी गुपचूप बाजूला केली.