पोलिसी कादंबरी : वाचक नावाचा पंच
बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा तोलून धरतो तो एक धाडसी नायक. एड मॅक्बेनच्या १९५६ साली सुरू झालेल्या ‘८७वे प्रिसिंक्ट’ मालिकेत मात्र अख्खे पोलीस ठाणेच नायक असते. मला हा दुसरा प्रकार का धरून ठेवतो, हे मालवणच्या किनाऱ्यावरून उमगते. लाटांबरोबर अनोळखी प्रेत आले, की ठाण्यात आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. मग परिसरातल्या किमान दोन पंचांसमोर पंचनामा : जखमा, खुणा, कपडे. ‘खून’ हा शब्द पुराव्यामागून येतो. वास्तवदर्शी पोलिसी कादंबरी वाचकाला याच पंचाच्या जागी उभे करते. ज्याचे नावही उरले नाही, त्याच्या मरणाचीही कुणीतरी नीट चौकशी करते, हाच तिचा खरा दिलासा.